सगळ्यात मागचा रायडर

गगनबावडा म्हणजे कोल्हापूरकरांसाठी धुकं, घाट आणि धो धो पाऊस. पण डांबर सोडून आत शिरलात, की ओली लाल माती साबणासारखी निसरडी. आमच्या ऑफ-रोड राइडमध्ये तिथंच माझं पुढचं चाक सटकलं आणि मी डाव्या खांद्यावर आपटलो. टक्! कॉलरबोन मोडलं.

तरी 'काही नाही झालं' म्हणत उठायला लागलो. तापातही ऑफिस गाठणारे आपण, दुसरं काय म्हणणार? पण 'स्वीप'नं, म्हणजे सगळ्यांच्या मागून येणाऱ्या रायडरनं, मला उठूच दिलं नाही. मान दुखतेय का, बोटं हलतायत का, हे आधी विचारलं. मग हात झोळीत बांधला आणि जीप बोलावली.

डाकार रॅली गाजवणारा आपला सी. एस. संतोषसुद्धा २०२१ मध्ये तिथं पडला. डोक्याला मार लागला, डॉक्टरांनी त्याला औषधांनी कोमात ठेवलं होतं. म्हणजे पडणं कुणालाच चुकत नाही. प्रश्न एवढाच, की पडल्यावर मागून कोण येतंय?

हाड जुळायला ६ ते १२ आठवडे लागतात. तोवर शर्टाची बटणं रूममेट लावतोय! पुढच्या राइडला नाव देताना रूट नंतर विचारेन. आधी विचारेन, 'स्वीप कोण आहे?' तुम्हीही विचारा.