एक राणी, दोन यमकं

जबलपूरच्या मराठी घरातलं मूल झाशीच्या राणीला दोनदा भेटतं. शाळेत सुभद्राकुमारी चौहान यांच्या हिंदी कवितेत आणि घरी भा. रा. तांब्यांच्या मराठी कवितेत. सुभद्राकुमारी तर आमच्याच म्हणायच्या. लग्नानंतर इथे आल्या, 1923 च्या झेंडा सत्याग्रहात उतरल्या. त्यांच्या इथल्या पुतळ्याचं अनावरण 1949 मध्ये महादेवी वर्मांनी केलं. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी, म्हणजे 1858 च्या जूनमध्ये राणी जिथे पडली त्या गावचे. (शिवाय राणी माहेरची तांबे. या नात्याने कवी सुखावला नसेल तरच नवल.)

गोष्ट तीच, मरणही तेच. तरी हिंदी कविता म्हणताना पाय ताल धरतात आणि मराठी म्हणताना गळा दाटतो. मला वाटतं, ही बरीचशी यमकाची करणी.

सुभद्राकुमारींच्या कडव्यात आधी चार ओळी एका यमकाच्या. मग पाचवी ओळ, कडव्यात लग्न लागलेलं असो की वैधव्य आलेलं, ‘आनी थी’कडे वळते आणि ध्रुवपदातल्या राणीला जाऊन भिडते. तीन दीर्घ अक्षरं, एकामागून एक पडणाऱ्या टापा. दुःखाला बूड टेकायला सवडच नाही. कळस म्हणजे चितेचं कडवं. तिथलं यमक ‘आरी थी’, आणि त्यात चिता चक्क राणीची ‘सवारी’ होते. शाळेत आम्ही ही कविता ओरडून म्हणत असू. हे कडवंही त्याच आवाजात, आणि त्यात काही वावगं वाटत नसे.

तांबेही दौडतात. तीन आखूड ओळी एका यमकात झपाझप येतात. त्यांत घोडा, तलवार, वार, सगळं असतं. पण मागून येणारी लांब ओळ ‘आळी-आली’वर उतरते आणि थबकते. ळ आणि ल यांची ही जोडी काटेकोर नाही. कानाला किंचित उणी लागते, आणि हुंदक्याला तेवढी फट पुरते. मुळात कविता राणी पडली त्या जागी आलेल्या माणसाशी बोलते. त्याला थांबवणं हेच तिचं काम.

यमक ही पाठांतराची सोय, असं मुक्तछंदवाले म्हणतात. सोय आहेच. पण नुसती सोयच असती, तर कुठलंही यमक चाललं असतं. ‘आनी’च्या जागी ‘आळी’ घालून पाहा: सुभद्राकुमारींची राणी ग्वाल्हेर गाठायच्या आधीच दमेल.