निळ्या रंगाखालची भरमार

पांढरकवड्याच्या आसपास ज्वारी निसवली की जागल सुरू होते. टिपेश्वरचं जंगल जवळ. रानडुकरं आणि रोही एका रात्रीत वावराचं मातेरं करतात. म्हणून काही जुन्या घरांत अजून परवान्याची ठासणीची बंदूक असते, भरमार. 1959च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी अशा बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे. तिचं काम बहुतेक आवाजाचं. एक बार काढायचा, कळप पांगवायचा आणि पुन्हा शेकोटीशी येऊन बसायचं.

अशी एक भरमार मी पाहिली ती निळी होती. नळी निळी, दस्ता निळा, घोडासुद्धा निळा. पोळ्याआधी बंडी रंगवून उरलेला ऑइलपेंट कुणीतरी तिच्यावर ओढला होता. त्या हाताला नावं ठेवावीशी मला वाटत नाहीत. पावसाळाभर भिंतीला टांगलेलं लोखंड गंजू नये, एवढीच माया त्यात होती. पण रंग बाहेरून बसला आणि गंज आतून चालत राहिला, कारण जळलेल्या दारूची काजळी हवेतली ओल ओढते आणि नळीचं पोट खाते.

रंग काढायला बसण्याआधी कारागीर नळीत गज घालतो. तोंडाशी गजावर खूण करतो, मग तोच गज बाहेरून नळीला लावून तो मागे टोपीच्या जागेपर्यंत पोचतो का ते बघतो. मध्ये चार बोटांचं अंतर उरलं तर आत जुना बार ठासलेला असू शकतो, आणि काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक वर्षांनीही पेट घेते. तशी बंदूक घरी कुणी हाताळायची नाही. परवाना असलेल्या कारागिराकडेच ती रिकामी व्हावी. इथे घाई मला सहनच होत नाही.

मग रंग. पॉलिशपेपर घेऊन कोरडं घासणं सर्वांत सोपं, आणि मला ते सर्वांत वाईट वाटतं. जुन्या रंगात शिसं असतं. घरगुती रंगातलं शिसं दशलक्षात 90 भागांपर्यंत खाली आणणारा नियम आपल्याकडे 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यांचा भरवसा काय? ती धूळ श्वासातून जाते, अंगणात खेळणाऱ्या पोरांच्या हाताला लागते. त्यापेक्षा उघड्यावर, हातमोजे घालून, रिमूव्हरचा जाड थर द्यावा, रंग फुगून सुरकुतला की लाकडाच्या पट्टीने हळूच उचलावा. कॉस्टिक सोड्याचं पाणी तेलाच्या रंगाचा साबण करून टाकतं खरं, पण दस्त्याचं लाकूड त्याने काळवंडतं आणि तंतू फुलतात. लाकडापासून ते लांबच बरं.

सप्तशृंगगडावर 2022 मध्ये देवीच्या मूर्तीवरचं शेंदराचं जुनं कवच उतरवलं, तेव्हा आतलं रूप पाहायला महाराष्ट्र लोटला होता. थर उतरताना माणसाच्या मनात तीच उत्सुकता असते. निळ्याखाली आधी लाल ऑक्साइड निघतो, त्याखाली तपकिरी लोखंड, आणि मग नळीच्या मुळाशी हळूहळू उमटत जाणारा ठोकलेला क्रमांक. तो परवान्यावर लिहिलेला क्रमांक. बंदुकीवरचं नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण खोडणं हा त्याच 1959च्या कायद्याने गुन्हा ठरवला आहे. पॉलिशपेपरचा मला इतका राग का, ते इथे कळेल: दोन-चार जोरकस हात आणि आधीच झिजलेला आकडा कायमचा जातो.

लोखंड उघडं पडलं की ते आरशासारखं चमकवायचा मोह होतो. जुन्या ठासणीच्या नळ्या मुळात बहुधा तपकिरीच असत. बारीक गंज मुद्दाम चढवायचा, घासून बसवायचा, पुन्हा चढवायचा; रंग मनासारखा गडद झाला की उकळत्या पाण्याने तो थांबवून तेल द्यायचं. ज्या गंजाच्या भीतीने निळा रंग लावला, त्यालाच शिकवून पहाऱ्याला बसवण्याची ही रीत मला फार आवडते. दुनळी असेल तर आजच्या गरम क्षारांच्या काळ्या-निळ्या झिलईच्या वाटेला जाऊ नये. त्या द्रावणात दोन नळ्यांमधला डाख खराब होतो.

दस्त्याला जवसाचं तेल. आपल्या विदर्भाच्या मातीतलंच पीक ते. दोन थेंब तळहातावर घ्यायचे, ऊब येईस्तोवर चोळायचे, उरलेलं पुसून टाकायचं आणि पुढचा हात देण्याआधी पहिला पूर्ण वाळू द्यायचा. कच्चं तेल वाळायला कित्येक दिवस घेतं. तेल लावलेल्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चिंधी आपोआप पेटू शकते. त्या पसरून वाळवाव्यात. आणि गालाशी टेकून टेकून दस्त्यावर जो गुळगुळीत खोलगटपणा आला असेल, तो लांबी भरून सपाट करू नये. जागलीला बसलेल्या कुणाच्या तरी गालाचा तो आहे.