रेझिनमधले बुडबुडे

घरबसल्या चार पैसे मिळावेत म्हणून आमच्या चाळीतल्या आम्ही चौघी दुपारच्या वेळी एकत्र बसून रेझिनची कीचेन आणि फोटोच्या पाट्या करतो. गिऱ्हाईक वस्तू हातात घेते ते उजेडाला धरूनच. आत बुडबुडा दिसला की भाव निम्म्यावर येतो, आणि रेझिन काही स्वस्त नाही.

भगिनींनो, हे बुडबुडे बहुतेक आपल्याच हाताने आत जातात. रेझिनमध्ये हार्डनर घालून ताकासारखे घुसळले की हवा शिरते, आणि मिश्रण दाट असल्याने ती वर येत नाही. म्हणून काडी तळाला टेकवून, कडा खरवडत, तीन ते पाच मिनिटे सावकाश फिरवावी. बुडबुड्यांच्या भीतीने अर्धवट ढवळू मात्र नये. वस्तू चिकट राहिली तर ती कोणीच घेत नाही. थंडीत रेझिन मधासारखे घट्ट होते. तेव्हा झाकण लावलेली बाटली दहा मिनिटे कोमट पाण्यात उभी करावी. पाण्याचा थेंब आत जाता कामा नये. ओतताना धार बारीक ठेवावी. मग वर आलेले बुडबुडे टाचणीने फोडावेत, किंवा लायटरची ज्योत वरून झरकन फिरवावी. ज्योत एका जागी थांबली तर सिलिकॉनचा साचा जळतो.

खरी परीक्षा फोटोची. कागदात आणि सुक्या फुलांत बारीक छिद्रे असतात. रेझिन आत मुरू लागले की तिथली हवा बाहेर पडत राहते, कधी कधी तासभरसुद्धा. एक आजी आमच्याकडे यजमानांचा एकुलता एक फोटो घेऊन आल्या, गिरणीच्या पासवरचा. नेमका डोळ्यावर बुडबुडा बसला असता तर? आम्ही आधी स्टुडिओतून प्रत काढून घेतली आणि मूळ फोटो आजींच्या हातात परत दिला. प्रतीच्या दोन्ही बाजूंना फेविकॉलचा पातळ हात देऊन रात्रभर सुकवली. मग रेझिनचा पातळ थर, तो जरा आवळल्यावर दुसरा. एकदम जाड ओतले की मिश्रण आतून तापते, आणि मग बुडबुडेही येतात, तडेही जातात. कोणी कितीही घाई केली तरी मूळ फोटो आम्ही रेझिनमध्ये घालत नाही.

आपली घरे एका खोलीची, म्हणून एवढे सांगितलेच पाहिजे. काम खिडकी उघडी ठेवून, हातमोजे घालून करावे. कच्चे रेझिन वरचेवर कातडीला लागून एकदा अंगावर उठू लागले की तो त्रास सहसा जन्माचा राहतो. लेकरांना तेवढा वेळ बाहेर खेळू द्यावे. रेझिनचा पेला आणि चमचा पुन्हा स्वयंपाकात जाता कामा नये. आमच्या पेल्यावर आम्ही लाल रंगाचा पट्टा मारून ठेवला आहे.