टेकड्यांचे वुस्टर आणि एवढासा आरएनए

अमेरिकेतील बोस्टनच्या साऊथ स्टेशनवरून पश्चिमेकडे लोकल निघते, ती सुमारे ७० किलोमीटरवर वुस्टरला पोचते. सात टेकड्यांचे गाव ही त्याची ओळख. एके काळी इथे तारेचे मोठमोठे कारखाने होते. कामगारांसाठी बांधलेली तीन मजली लाकडी घरे अजूनही उतारांवर ओळीने उभी आहेत; मजल्यावर एक बिऱ्हाड. गिरणगावच्या चाळीत संसार केलेल्या आम्हा दोघांना हे गाव परके वाटले नाही.

गावाच्या पूर्वेला, क्विन्सिगामंड तलावाजवळ, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. येथील क्रेग मेलो यांना २००६ साली आणि व्हिक्टर अँब्रोस यांना २०२४ साली नोबेल मिळाले. अँब्रोस यांनी अभ्यासला तो एक मिलिमीटर लांबीचा किडा! त्यात त्यांना केवळ २२ अक्षरांचा आरएनए सापडला. १९९३ सालच्या त्या निबंधावर पहिले नाव त्यांच्या पत्नी रोझलिंड ली यांचे आहे. पुढची सात वर्षे लोकांना ती किड्याचीच गंमत वाटली. २००० साली गॅरी रुव्हकून यांनी असाच दुसरा आरएनए माणसातही असल्याचे दाखविले, तेव्हा जग जागे झाले.

आमच्या बहिणीची मुलगी इथे पोस्टडॉक आहे. तिने आम्हाला समजेल असे सांगितले, "मावशी, आरएनए म्हणजे जनुकाने पेशीला धाडलेली चिठ्ठी. चिठ्ठी वाचून पेशी प्रथिन बनवते. हा छोटा आरएनए दुसऱ्याच्या चिठ्ठीला चिकटतो आणि ते काम थोपवतो."

"मग आजाराशी त्याचा काय संबंध?" आम्ही विचारले.

"जंतू शिरले की पांढऱ्या पेशी धोक्याची हाळी देतात. त्याच हाळीने मिर-१४६ नावाचा छोटा आरएनए तयार होतो आणि हाळी पुढे नेणारी दोन प्रथिने कमी करतो. कॅलिफोर्नियात डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेने २००६ साली हे दाखवले. हा आरएनए काढून टाकलेल्या उंदरांत सूज आवरत नाही, शरीर स्वतःवरच उलटते. उलट मिर-१५५ लढ्याला जोर देतो."

म्हणजे लढायला शक्ती हवी, तसा लगामही हवा. संधिवाताने सुजलेले सांधे घेऊन कामावर जाणाऱ्याला लगाम सुटणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

वाचकहो, गावाकडे तिच्या आईला विचारतात, "पोरगी अजून शिकतेच का?" ती शिकत नाही, काम करते. पीएच.डी. नंतर दुसऱ्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत मुदतीच्या नेमणुकीवर केलेले हे संशोधन असते. पगार मिळतो, पण नोकरी कायम नसते. मुदत संपली की पुन्हा शोध. हे आईबापांनी आधीच जाणून घ्यावे, पोरांना घाई करू नये, लग्नाचा तगादा लावू नये. किड्यातली गोष्ट माणसापर्यंत यायला सात वर्षे लागली. आपल्या लेकीलाही थोडा वेळ द्यायला काय हरकत आहे?