कोणत्या डोळ्याचा लाल

मोतीबिंदू काढल्यावर निळं जास्त निळं दिसतं, कारण पिवळट पडलेलं भिंग गेलेलं असतं. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं. तरी शस्त्रक्रियेनंतर सोन्याचं कलिल पहिल्यांदा उजेडात धरलं तेव्हा हबकलोच. जुन्या डोळ्याला कोकम सरबत, नव्याला त्यातच जांभळी झाक. यंत्रावर शोषणाचं शिखर मात्र नेहमीसारखं ५२० नॅनोमीटरवर.

माझी सगळी मिजास या रंगावर उभी होती. सोन्याचे कण गुठळ्या धरू लागलेत हे मी आलेखात ६००च्या पुढे फुगवटा येण्याआधी नुसतं बघून सांगायचो. मुलं क्युव्हेट घेऊन यंत्राकडे जायची, परत येऊन "बरोबर, सर" म्हणायची. मी ऐकलं नाहीसं दाखवायचो. थांबलेला असायचो तेवढ्यासाठीच.

कण करणं कधी अवघड गेलं नाही. टर्केविचची १९५१ची कृती, फ्रेन्सने १९७३मध्ये सिट्रेट कमी-जास्त करून मिळवलेले आकार. काच अम्लराजाने धुतलेली असली की झालं. मिठालाही आता कोणी भीत नाही, पेगचे, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे, धागे बांधले की कण सलाइनमध्ये तग धरतात. घोडं अडतं सीरममध्ये. अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन, कॉम्प्लिमेंट, सगळी प्रथिनं बघता बघता कणावर चढतात आणि महिनोन्महिने घडवलेला पृष्ठभाग पेशीला दिसतच नाही. यकृतातल्या कुप्फर पेशी कण गिळून मोकळ्या होतात. पेग दाट करावा, तर प्रथिनं कमी बसतात, पण कर्कपेशीही कणाला आत घेईनाशी होते. आणि माझं कर्करोगावरचं औषध, डॉक्सोरुबिसिन, कणाला हायड्राझोन बंधाने बांधलेलं. रक्ताच्या ७.४ पीएचला तो बंध बऱ्यापैकी टिकतो, लायसोसोममध्ये ५च्या आसपास तुटतो. कण पेशीत शिरलाच नाही तर औषध सुटणार कुठून? विरळ केला की यकृत, दाट केला की बाहेरच ताटकळत. आखूड आणि लांब पेग मिसळून पाहिला, कर्कपेशीने ओळखावं म्हणून टोकाला फोलेट लावलं; तेही प्रथिनांखाली गाडलं गेलं. झोपेतसुद्धा मी दोन पेगांमधलं अंतर मोजत असतो.

२०१०मध्ये लिबुटी आणि सहकाऱ्यांची पहिल्या टप्प्याची मानवी चाचणी छापून आली तेव्हा पोटात दुखलं. सोन्यावर पेग आणि टीएनएफ हे प्रथिन. रुग्णांच्या गाठींत सोनं सापडलंही. पण टीएनएफला पेशीत शिरावं लागत नाही, ते गाठीच्या रक्तवाहिन्यांवर काम करतं. माझ्या अडचणीला त्यांनी वळसा घातला, असं मी अजून म्हणतो. लिपोसोमवाले तर १९९५मध्येच डॉक्सोरुबिसिन डॉक्सिल नावाने घेऊन बाजारात उतरले होते. चरबीचे फुगे म्हणून आम्ही त्यांना हसायचो.

पानांच्या रसवाल्यांबद्दल बोलूच नये. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४मध्ये गवती चहापासून सोन्याचे त्रिकोणी कण केले, ते काम अस्सल. पुढे मात्र दरवेळी फक्त पान बदललं: तुळस, कडुनिंब, शेवगा. डिशमधल्या पेशी मेल्या की लगेच 'कर्करोगावर उपाय', सीरमचं नाव नाही. त्यापेक्षा लग्नाच्या पंगतीत कोणी "म्हणजे सुवर्णभस्मच ना?" विचारलं तर कमी राग येतो.

२०१६मध्ये टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांचे निबंध चाळून हिशेब मांडला: टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोहोचतात, मध्यक काढला तर, ०.७ टक्के कण. खळबळ उडाली. मी आधी त्यांच्या यादीत माझा निबंध शोधला. नव्हता. सुटलो असं वाटलं, आणि पाठोपाठ अपमानही.

आता रंग बघायला माझी विद्यार्थिनी असते. तिची तऱ्हा वेगळी: प्रथिनं चढणारच असतील तर हवं ते आपणच आधी चढवावं. मी म्हणतो, रक्तात गेल्यावर दुसरी प्रथिनं तुझ्या प्रथिनाला ढकलून देतील.

"सर, रक्तातलं सिस्टीन तुमच्या पेगलाही ढकलतंच की."

खरं आहे. म्हणून एकाऐवजी दोन गंधकांनी सोन्याला धरणारा पेग मी मागवलाय, तिला न सांगता.