तुरळक विषय

बोर्डाच्या बारावीच्या आवेदनपत्रात विद्यार्थ्यांचे प्रकार असतात: नियमित, पुनर्परीक्षार्थी, श्रेणीसुधार आणि 'तुरळक विषय'. बी.एस्सी. झाल्यावर मी या तुरळकांत मोडले. बारावी आधीच पास, फक्त एक विषय नव्याने द्यायचा. जीवशास्त्र.

अकरावीला मी गणित घेतलं होतं, बायो नाही. पुढे साताऱ्यातच केमिस्ट्रीत बी.एस्सी. केलं आणि सांगलीला मावशीकडे राहून एका हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरला लागले. लोक बिल पुढे सरकवून विचारायचे, "मॅडम, हे कशाचं लावलंय?" मला रक्कम सांगता यायची. कशाचं, ते नाही. डॉक्टर व्हायचं डोक्यात शिरलं ते तिथे.

काही वर्षांपूर्वी हा विचार तिथेच संपला असता. एमबीबीएससाठी अकरावी-बारावीला फिजिक्स, केमिस्ट्रीबरोबर बायोलॉजी नियमित, सलग दोन वर्षं केलेलं लागायचं. नोव्हेंबर २०२३मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सूचना काढली, की बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून बायो दिलेलं चालेल. नीटची वयाची वरची अटही २०२२मध्येच गेली होती. मी ती सूचना मोबाइलवर सात-आठ वेळा वाचली असेन. सरकारी इंग्रजीवर पटकन विश्वास बसत नाही.

आईला सांगायला साताऱ्याला गेले. (एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे असे निर्णय समोरासमोर सांगणं परवडतं.) ती म्हणाली, "तेविसाव्या वर्षी बारावी? शेजारी विचारलं तर काय सांगू?" बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "कर्मवीरांच्या गावात राहतो आपण. कमवा आणि शिका म्हणून सांग."

कमावणं आणि शिकणं एकाच दिवसात बसवणं मात्र अवघड होतं. लेखी ७० मार्कांचं घरी करता येतं, पण प्रात्यक्षिकाच्या ३० मार्कांसाठी कॉलेजात उभं राहावं लागतं. त्यासाठी मी रात्रपाळी मागून घेतली. लॅबमधली पोरं सतरा वर्षांची. पहिल्या दिवशी एकाने मला मॅडम समजून जर्नल सहीला दिलं. नंतर सगळ्यांची ताई झाले. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड माझी तीनदा बिघडली. चौथ्यांदा पेशी दिसल्या, गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी. रात्रभर जागलेल्या डोळ्यांनी मी ती इतका वेळ बघत बसले, की मागच्या मुलीने "ताई, माझा नंबर" म्हणून ढोसलं.

बोर्डाला माझा फक्त बारावीचा पेपर हवा होता. नीटला अकरावीचंही बायो लागतं आणि ७२० पैकी ३६० मार्क बायोचेच. म्हणून वनस्पतींचं वर्गीकरण मी काउंटरवर, पहाटे तीन ते पाच या शांत वेळात पाठ केलं. साताऱ्याच्या सरकारी मेडिकलला १०० जागा. देशभरात २०२४ला नीट दिली २३ लाखांहून जास्त जणांनी. खासगी कॉलेजची फी आमच्या घरात कुणी मोठ्याने उच्चारतही नाही. म्हणजे सरकारी जागा, नाहीतर परत काउंटर.

मेमध्ये निकाल लागला. बायोत ७९. आईने गुणपत्रिका उलटसुलट करून पाहिली. "एकाच विषयाची?" म्हणाली आणि जुन्या बारावीच्या गुणपत्रिकेमागे, त्याच प्लास्टिकच्या पिशवीत घातली.

नीट पुढच्या मेमध्ये. फिजिक्स सहा वर्षांपूर्वीचं आहे. रोटेशनपासून सगळं पुन्हा काढलंय.