जाणकाराची जांभई

२०२४ च्या मे महिन्यात मोनॅकोच्या फॉर्म्युला वन शर्यतीत पहिले दहा चालक ज्या क्रमाने सुटले, त्याच क्रमाने पोहोचले. ७८ फेऱ्या, सुमारे २६० किलोमीटर, आणि क्रमात तिळाइतका फरक नाही. या स्पर्धेच्या इतिहासात असं पूर्वी कधी झालं नव्हतं. युरोपातल्या शर्यती आपल्याकडे बहुधा रविवारी संध्याकाळी साडेसहाला लागतात. नांदेड जिल्ह्यातल्या लोह्यासारख्या गावात ती धारा काढायची वेळ. गोठ्यात मोबाइल टेकवून कुणी ही शर्यत लावली असेल, तर दोन म्हशी पिळून होईपर्यंत त्याचं काहीही चुकलं नसणार. कारण साधं होतं. पहिल्याच फेरीत गाड्या आदळल्या, लाल झेंडा लागला, आणि शर्यत थांबली असतानाच सगळ्यांनी टायर बदलून घेतले. नियमाने टायर एकदा बदलावेच लागतात. ते काम तिथेच उरकलं. मग उरली ती टायर शेवटपर्यंत पुरवायची काळजी. सगळे सावकाश हाकत राहिले आणि त्या बोळांमधून कुणाला कुणाच्या पुढे जाता येईना. आयोजकांनी पुढच्या वर्षी तोड काढली, टायर दोनदा बदलायची सक्ती केली. तेव्हा मागच्या काही संघांनी एका गाडीला मुद्दाम रेंगाळायला लावलं आणि तिच्या आडोशाने दुसरीला टायर बदलायला वेळ काढून दिला. घडामोडी वाढल्या, चुरस होती तिथेच राहिली.

आता याच्याशेजारी १९९८ ची हंगेरीची शर्यत ठेवून पाहावी. बुडापेस्टजवळचा तो रस्ताही अरुंद, वळणावळणाचा, पुढच्याला मागे टाकायला कठीण. मॅकलारेनच्या दोन गाड्या पुढे, मायकेल शूमाकरची फेरारी मागे. फेरारीच्या रॉस ब्रॉनने मध्येच बेत बदलला: इतर दोनदा थांबणार, तर आपण तीनदा थांबायचं, टाकीत इंधन थोडं ठेवायचं, गाडी हलकी ठेवायची. त्या जास्तीच्या थांब्याची भरपाई करायला शूमाकरला १९ फेऱ्यांत २५ सेकंद कमवायचे होते. रस्त्यावर त्या वेळी पाहण्यासारखं काही नव्हतं, मोकळ्या रस्त्यावरून एकटी पळणारी एक लाल गाडी तेवढी. पण ज्याला तो हिशेब ठाऊक होता, त्याच्यासाठी प्रत्येक फेरीचा वेळ म्हणजे वसुलीचा हप्ता होता. शूमाकरने तो चुकता केला आणि शर्यत जिंकली. दोन्ही शर्यती बाहेरून सारख्याच दिसतात: ओळीने चाललेल्या गाड्या. एक कंटाळवाणी आहे, दुसरी पाहणाऱ्याचा कस लावणारी. मोटारींच्या शर्यतींबद्दल बोलताना या दोन गोष्टींची आपण नेहमी गल्लत करतो. निवाडा करायला एक सोपी खूण पुरते: जाणकारालाही जांभई येते का? येत असेल तर शर्यत कंटाळवाणी. नसेल तर उणीव आपल्या पाहण्यात आहे.

या खुणेवर घासली तर रॅली सगळ्यांत जास्त कस लावणारी ठरते. नाशिकच्या परिसरात एके काळी रॅली ऑफ महाराष्ट्र भरायची. वळणावर उभ्या असलेल्या माणसाला काय दिसतं? आवाज येतो, धूळ येते, गाडी तीन-चार सेकंदांत दिसेनाशी होते, आणि मग मिनिट-दोन मिनिटांनी पुढची. दोन गाड्या एकत्र कधीच दिसत नाहीत, कोण पुढे आहे ते घड्याळालाच ठाऊक. इथे पाहणाऱ्याला गेलेली गाडी डोक्यात धरून ठेवावी लागते: आधीच्याने ब्रेक त्या बाभळीपाशी लावला होता, याने दोन गाडीभर पुढे येऊन लावला, त्याची मागची चाकं खडीवर घसरली, याची रेघ धरून राहिली. शेजारी बसलेला सहचालक वळण दिसायच्या आधीच वहीतून त्याचा बाक वाचून दाखवतो, त्या भरवशावर हा पुढे न दिसणाऱ्या रस्त्यात गाडी घालतो. हे लक्षात ठेवून जो उभा राहील त्याचा दिवस भरून जातो. बाकीच्यांच्या वाट्याला नाकातोंडात धूळ. चोवीस तासांच्या ल मॉन्सचीही तीच गत. १९२३ पासून चालत आलेली ही शर्यत सलग पाहणं कुणालाच झेपत नाही आणि पाहूही नये. पण २०१६ साली शेवटची जेमतेम तीन मिनिटं उरली असताना आघाडीवरची टोयोटा स्टँडसमोरच्या सरळ रस्त्यावर बंद पडली आणि पोर्शेने शर्यत नेली. आदल्या रात्रभराचा हिशेब ज्याने ठेवला होता, त्यालाच त्या तीन मिनिटांची किंमत कळली.

यावर कुणीही म्हणेल, की खेळ हा डोळ्यांना कळायला हवा. वही-पेन घेऊन बसावं लागत असेल तर ती करमणूक कसली? आक्षेप रास्त वाटतो, पण आपल्याकडेच तो टिकत नाही. लोह्याजवळ माळेगावला मार्गशीर्ष सरताना खंडोबाची यात्रा भरते. तिथल्या पशुप्रदर्शनात जनावरं नुसती उभी असतात. पळत नाहीत, झुंजत नाहीत, काहीच घडत नाही. तरी त्यांच्याभोवती माणसं तास-तास रेंगाळतात. लाल कंधारी वळूच्या पाठीची रेघ, वशिंडाचा बसाव, खुरांची ठेवण, खालचा ओठ ओढून पाहिलेले दात: दोन दाती, चार दाती, की जुळलेला. देवणी असेल तर वानेरा, बालंक्या की शेवेरा, यावर वाद. परीक्षकांचा निकाल लागायच्या आत शेजारी उभ्या असलेल्यांचे चार निकाल लागून गेलेले असतात. उभ्या जनावरात इतकं पाहता येतं, तर ताशी तीनशेने जाणाऱ्या गाडीत काही दिसत नाही ही तक्रार वेगाबद्दलची नसून ओळख नसल्याबद्दलची आहे. पुणे जिल्ह्यातल्या घाटात बैलगाड्याची एक बारी दहा-पंधरा सेकंदांत संपते आणि लोक दिवसभर उन्हात उभे राहतात. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणारी सरळ रेषेतली मोटारींची पळापळही तितकीच झटपट संपते. तिथे हजर राहून आवाज छातीत घुमवून घ्यावा हे खरं, पण पडद्यावर मला ती पातळ वाटते. सुटण्याच्या क्षणी टायरने पकड घेतली की नाही हे एकदा कळलं, की पुढचं बहुतेक ठरलेलंच असतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: जिंकते ती गाडी, माणूस कुठे? २०२३ साली मॅक्स व्हर्स्टापेनने २२ पैकी १९ शर्यती जिंकल्या. इथे मी हात टेकतो. तो मोसम जाणकारांनाही जड गेला आणि त्यांनी नजर सातव्या-आठव्या क्रमांकाच्या चढाओढीवर वळवली, हे त्याचं उत्तर कमी आणि तोडगा जास्त. त्याहून वाईट उदाहरण आपल्याच अभिमानाशी जोडलेलं आहे. २००५ साली इंडियानापोलिसला मिशेलिन टायर धोक्याचे ठरले म्हणून त्या टायरांच्या सगळ्या गाड्या सुरुवातीआधीच माघारी फिरल्या आणि सहाच गाड्या धावल्या. नारायण कार्तिकेयन त्यात चौथा आला. भारतीय चालकाला फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळाले ते त्या दिवशी. प्रेक्षक मात्र ओरडत, चिडून निघून गेले. गुण खरे, शर्यत नावापुरती. आणि ज्यांना अशा वेळी अपघात झाला तर बरं असं वाटतं, त्यांनी १९५५ चं ल मॉन्स आठवावं. तिथे गाडीचे तुकडे गर्दीत घुसले आणि ८० हून अधिक प्रेक्षक गेले. अपघात पाहायला ओळख लागत नाही, म्हणून तो सगळ्यांना कळतो. त्याला शर्यतीचा भाग धरायचं कारण नाही.

पूर्ण रस्ता एका नजरेत मावला की कंटाळा जातो, असंही एक मत आहे. २०२४ च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात सुपरक्रॉसच्या मोटारसायकली मातीच्या उंचवट्यांवरून उडाल्या, तेव्हा बसल्या जागेवरून सगळं दिसत होतं. या जातीच्या शर्यतीत नवखा माणूसही पहिल्या पाच मिनिटांत रमतो, हे मान्य. उलट नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटची एक फेरी पाच किलोमीटरहून लांब. तिथे २०११ ते २०१३ या तीन वर्षांत फॉर्म्युला वनचं तिकीट काढून बसलेल्याला दर दीड मिनिटाने काही सेकंद गाडी दिसायची. (उत्तर प्रदेश सरकारने त्या शर्यतीला खेळ न धरता करमणूक ठरवून कर लावला होता, स्टँडमधल्या कित्येकांनी त्यालाही हरकत घेतली असती.) पण दिसणं ही सुरुवात झाली. डोळ्यांसमोर सगळं असूनही काही न कळणं शक्य असतं, आणि याचा उत्तम दाखला ग्रामीण महाराष्ट्राने स्वतःच काढलेल्या मोटारखेळात सापडतो.

सांगली-कोल्हापूरकडच्या यात्रांत ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून ती उलटी चालवायच्या स्पर्धा होतात. वेग बैलगाडीपेक्षा फारसा जास्त नसतो. दोन्ही बाजूंना खुणा रोवलेल्या, मधून ट्रॉली मागे न्यायची, खुणेला लागली की गेला. दोनचाकी ट्रॉलीला स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की तिचं बूड उजवीकडे जातं. चारचाकी ट्रॉलीची पुढची चाकं दांडीबरोबर वळतात, म्हणजे सांधे दोन. तिथे उलट्याचंही उलट होतं, आणि एकदा ट्रॉली मुरडली की सरळ करायला पुन्हा पुढे यावंच लागतं. ज्याने उसाच्या हंगामात कारखान्याच्या गव्हाणीपाशी रांगेत ट्रॉली मागे घेतली आहे, त्याचे हात पाहता पाहता आपोआप फिरतात. दांडीचा कोन वीतभर चुकला की ट्रॉली खुणेला टेकायच्या कितीतरी आधी गर्दीतून हुंकार येतो. चालक मान वळवून मागे पाहतोय, उजवा हात स्टेअरिंगवर, डावा मडगार्डवर, क्लच अर्धा सोडलेला. आणि शे-दोनशे माणसं श्वास रोखून त्या दांडीकडे पाहताहेत. शहरातून यात्रेला आलेल्या पाहुण्याला मात्र तिथे एक ट्रॅक्टर मागे येताना दिसतो, आणि दहाव्या मिनिटाला तो रसवंती कुठे आहे ते विचारायला लागतो.